पडीत जमीन नांगरा

(नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारासाठी उपदेश)

शास्त्रपाठ : होशेय १०:१२, मत्तय ५:२३-२४, लूक १३:६-९



देवपित्याच्या कृपेने आपण आणखी एक वर्ष संपविले. गेल्या जानेवारीत आपल्या शेजारी बसून प्रार्थना केलेली कित्येक माणसे आज आपल्यात नाहीत. त्यांस प्रभूने विश्रांतीस नेले. आपण मात्र राहिलो आहोत. आपण त्यांच्याहून बरे होतो म्हणून राहिलो, असे कोणी समजू नये. आपणांस जो अवकाश मिळाला आहे तो कशासाठी मिळाला, हा प्रश्न आज प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा, एवढ्याकरिता हा उपदेश आहे.

जानेवारीची पहिली तारीख सणाचा दिवस म्हणून पवित्र शास्त्रात कोठेही सांगितलेली नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्याचे वर्षही त्या दिवशी लागत नाही. सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते. व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीत उघडते. शाळेचे वर्ष जूनमध्ये व सरकारचे एप्रिलमध्ये सुरू होते. जानेवारीत तर आपली कामे अर्ध्यावर असतात. कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, तूर सोंगणीस आलेली असते, हरभऱ्यास घाटे धरलेले असतात. मग ह्या दिवसाचे महत्त्व ते काय? मैलाच्या दगडाचे जे महत्त्व, तेच ह्याचे. दगड वाटसरूस उचलून पुढे नेत नाही. परंतु किती चाललो व किती राहिले, हे सांगतो. शमुवेलानेही मिस्पा व शेन ह्यांच्या दरम्यान एक धोंडा उभा करून देवाच्या साहाय्याची आठवण ठेविली होती (१ शमुवेल ७:१२). अशाच एका धोंड्यापाशी आपण आज क्षणभर थांबलो आहोत.

वर्षाच्या आरंभी प्रार्थनेसाठी जमण्याची रीत कशी पडली, हे आपल्या मंडळ्यांस ठाऊक असणे बरे. इंग्लंडात ब्रिस्टल शहराजवळ किंग्जवुड नावाचा कोळशाच्या खाणींचा भाग होता. तेथील खाणकामगार शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवीत असत. १७४० च्या सुमारास जॉन वेस्ली व त्यांचे सोबती ह्यांच्या उपदेशाने त्यांच्यापैकी पुष्कळांची अंतःकरणे पालटली, तेव्हा ते त्याच रात्री एकत्र जमून प्रार्थनेत व स्तुतीत घालवू लागले. मेथडिस्ट मंडळ्यांत वर्षाच्या शेवटच्या रात्री जे जागरण होते, त्याचे मूळ ह्या काळवंडलेल्या हातांच्या मजुरांत आहे. जानेवारीतील प्रार्थना-सप्ताहाचे मूळ तर आपल्याच देशात आहे. १८५७ च्या बंडाने उत्तर हिंदुस्थानातील मंडळ्यांचे फार हाल झाले होते. त्यानंतर १८५८ साली पंजाबातील लुधियाना येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी जगातील सर्व मंडळ्यांस विनंती केली की, १८६० च्या जानेवारीत एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थनेत घालवावा. ती हाक नाना देशांत ऐकली गेली आणि सप्ताहाची चाल पडली.

ह्या दोन्ही गोष्टींत एक विशेष आहे. ह्या रीती सुखवस्तू लोकांनी सणासाठी काढलेल्या नाहीत. ज्यांस आपली जुनी चाल मोडावयाची होती, किंवा ज्यांवर मोठे संकट गुदरले होते, त्यांनी त्या काढिल्या. आपण त्या पाळतो. परंतु आपणांस काही मोडावयाचे आहे काय? तसे नसेल, तर रात्रभर जागूनही आपण निजलेलेच आहोत.

आता आपल्या पाठाकडे वळू. होशेय संदेष्टा इस्राएल लोकांस सांगतो की, नीतिमत्त्वाची पेरणी करा, म्हणजे दयेचे पीक हाती येईल. पडीत पडलेली जमीन नांगरा. कारण परमेश्वराने येऊन नीतिमत्त्वाचा पाऊस पाडीपर्यंत त्याला शोधण्याचा हा समय आहे. हे शब्द परराष्ट्रीयांस उद्देशून नाहीत, हे नीट ध्यानात घ्यावे. ज्या लोकांस नियमशास्त्र मिळाले होते, ज्यांच्यात वेद्यांची काही उणीव नव्हती, त्यांस हे सांगितले आहे. त्याच अध्यायाच्या आरंभी संदेष्टा म्हणतो की, जसजसे पीक वाढले तसतशा त्यांनी वेद्या वाढविल्या. धर्माची गर्दी झाली आणि शेत पडीत पडले.

पडीत जमीन आणि रान ह्यांत भेद आहे. रानात कधी नांगर चाललाच नाही. पडीत जमीन ती, जी एके काळी वाहिली होती, जिच्यात पीक झाले होते, जिच्यावर मालकाचे नाव आहे, परंतु पुढे हयगयीने जी तशीच टाकून दिली. म्हणून हे वचन आपल्यासाठी आहे. आपला बाप्तिस्मा झाला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी पुष्कळ सोसून प्रभूचे नाव घेतले. मंडळीच्या पुस्तकात आपली नावे लिहिलेली आहेत. पडीत पडावयाचे भय आपणांसच आहे.

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीविषयी मी तुम्हांस काय सांगावे! ती तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. वखर व नांगर ह्यांतील भेद तुमच्या लेकरांसही कळतो. दरवर्षी आपण वखराची पाळी देतो. वखराचे पाते जमिनीच्या वरच्या थरातून सरकते, तण कापते, शेत स्वच्छ दिसू लागते. साध्या तणास तेवढे पुरे. परंतु ज्या शेतात हरळी किंवा कुंदा शिरला, तेथे वखराने काय होणार? वरची पाती कापली जातात, मुळ्या खोल तशाच राहतात, आणि पहिल्या पावसात पुन्हा सगळे हिरवेगार. अशा शेतास खोल नांगरटच पाहिजे. पूर्वी त्या कामास मोठ्या नांगरास बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. आता ट्रॅक्टर लावितात. ढेकळे उलटून मुळ्या वर याव्या लागतात, आणि मग शेत तसेच उन्हाळाभर तापू द्यावे लागते. नांगरलेले शेत काही दिवस ओबडधोबड दिसते. वखरलेले शेत त्याहून नीटनेटके दिसते. तरी शहाणा शेतकरी कोणते पसंत करील, हे सांगावयास नको.

बंधूंनो, आपले दरवर्षीचे आत्मपरीक्षण हे बहुधा वखराची पाळी असते. "प्रभो, आम्ही पापी आहोत, आमची क्षमा कर," असे आपण सगळे मिळून म्हणतो. ते खरे आहे. परंतु त्या शब्दांत कोणते पाप, कोणाविरुद्ध, कोणत्या दिवशी, हे काही येत नाही. वरचे तण कापले जाते, मंडळी घरी जाते, आणि पहिल्या भांडणात कुंदा पुन्हा उगवतो. ह्या वर्षी आपण वखर ठेवू आणि नांगर धरू.

नावे पालटल्याने जमीन पालटत नाही, ह्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. पूर्वी वऱ्हाडात बाशीम नावाचा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत घातले. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. कागदावर इतके फेरफार झाले. परंतु ज्या वावरात कुंदा होता, त्यात तो सरकारी हुकुमाने मेला नाही. तो ज्याने नांगरला, त्याच्याच वावरातून गेला. आपलेही तसेच आहे. आपले नाव पालटले, सण पालटले, गावातील वस्तीचे नाव पालटले; अंतःकरण पालटले काय?

नांगराची तीन तासे आज आपण घालू.

पहिले तास धुऱ्याचे. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावरून किती घरे उद्ध्वस्त झाली, हे आपणांस माहीत आहे. दर हंगामात एक तास पलीकडे सरकवावयाचे, म्हणजे दहा वर्षांत शेजाऱ्याची एक पट्टी आपली होते. शेजाऱ्याची सीमा सरकविणाऱ्यावर शास्त्रात शाप सांगितला आहे (अनुवाद २७:१७), आणि त्या वचनास सर्व लोकांनी आमेन म्हणावे अशी आज्ञा आहे. ज्याने धुरा सरकविला, त्यालाही आमेन म्हणावे लागत असे! सख्खे भाऊ एकाच मंडळीत बसतात, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात, आणि बाहेर पडल्यावर एक पूर्वेस जातो व दुसरा पश्चिमेस. मोजणीवाला येतो, वकील येतो, तारखा पडतात. जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा कचेरीत जातो. आणि धुरा केवळ वावराचाच असतो असे नाही. शब्दाचाही धुरा असतो. कोणाविषयी खोटे बोललो, उसने घेतलेले परत केले नाही, मजुराची मजुरी अडकवून ठेविली, सुनेस माहेरच्या गरिबीवरून टोचून बोललो. हे सगळे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणेच होय.

प्रभूने ह्या बाबतीत फार स्पष्ट शिकविले आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तेथे आठवले की, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण दे. येथे दोन गोष्टी पाहाव्या. माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे काय, एवढेच प्रभु विचारीत नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, हे आठवावयास सांगतो. आणि तो भावाने येण्याची वाट पाहू देत नाही. मलाच जावयास सांगतो. जक्कयाकडे पाहा. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा मला वाईट वाटते असे म्हणून तो थांबला नाही. अन्यायाने घेतलेले चौपट परत करितो, असे त्याने उभे राहून सर्वांदेखत सांगितले (लूक १९). त्याच्या पश्चात्तापात हिशेब होता. ज्या पश्चात्तापात हिशेब नाही, तो वखर होय.

ह्या ठिकाणी मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सहकारी उपदेशकाशी माझे बिनसले. कारण इतके क्षुल्लक होते की, ते आज सांगावयास लाज वाटते. जत्रेच्या दिवशी उपासना कोणी चालवावी, एवढाच तो वाद. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी त्यांस केवळ तोंडदेखला नमस्कार करीत होतो. एका रविवारी ह्याच वचनावर, मत्तय पाचव्या अध्यायावर, माझा उपदेश होता, आणि ते समोरच तिसऱ्या ओळीत बसले होते. मी वचन वाचले, विवरण केले, लोकांस कळकळीने सांगितले, परंतु त्यांच्याकडे डोळे उचलून पाहू शकलो नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलावे हे वाटेत जुळविले होते. ते सगळे विसरलो. "चुकलो," एवढेच म्हटले. त्यांनी माझा हात धरून मला आत नेले. त्यांच्या घरचा चहा मी पुष्कळदा घेतला होता, परंतु त्या पहाटेचा चहा मला प्रभुभोजनासारखा वाटला. दोन वर्षे मी त्या घरावरून जात होतो; ती वाट चालावयास मला तेवढा वेळ लागला.

दुसरे तास खोल मुळीचे. मी कुंद्याविषयी बोललो. आपल्या मंडळ्यांत जो कुंदा सर्वांत खोल गेला आहे, त्याचे नाव घेण्यास आपण भितो. तो जातीचा अभिमान होय. ज्यांस गावाने गावकुसाबाहेर ठेविले, ज्यांस विहिरीवर चढू दिले नाही, त्यांच्या पूर्वजांस प्रभूने आपल्या मेजाजवळ बसविले. हा उपकार ज्या घराण्यांवर झाला, त्याच घराण्यांत लग्नाची गोष्ट निघाली की, मुलगा प्रार्थना करितो काय, व्यसनी आहे काय, हे मागाहून विचारतात; आधी विचारतात, त्यांची मूळची जात कोणती? रविवारी मेजाजवळ सर्व एक, आणि सोमवारी सोयरीक जुळविताना निराळे. पौल गलतीकरांस लिहितो की, ख्रिस्ताच्या ठायी यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, हा भेद उरत नाही (गलती ३:२८). ते वचन आपण शेजारच्या वस्तीस उपदेश करिताना मोठ्याने सांगतो. तेथील माणूस जर विचारील की, "भाऊ, तुमच्या मंडळीत तरी हे घडते काय?" तर आपण काय उत्तर देणार? आपल्यावर जो अन्याय झाला, तोच आपण आपल्या भावावर केला, तर वरच्यांस दोष देण्यास आपले तोंड कसे उघडेल?

दारू हीही अशीच एक मुळी आहे. ती पहिल्याने लग्नात पाहुण्यांकरिता येते, मग बाजाराच्या दिवशी येते, मग रोज येते. घरची माउली कापूस वेचून चार पैसे आणते, ते चुलीपर्यंत पोचत नाहीत. लेकरू वहीवाचून शाळेत जाते. किंग्जवुडच्या खाणकामगारांनी ज्या रात्री गुत्ता सोडला, त्याच रात्री ते प्रार्थनेस बसले. गुत्ता उद्या सोडू व प्रार्थना आज करू, असे त्यांनी म्हटले नाही.

पुष्कळांस वाटते की, ह्या गोष्टी झाकून ठेवाव्या. बाहेरचे लोक काय म्हणतील? आपल्या वाशीम येथे १९३८ साली चर्च ऑफ द नाझरीनच्या मिशनाने रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले, आणि डॉ. ऑर्फा स्पायकर ह्यांनी तेथे अनेक वर्षे रोग्यांची सेवा केली. दवाखान्यात गेलेल्या मनुष्याने जखमेवरचा फडका सोडू दिला नाही, तर कितीही मायाळू डॉक्टर असो, तो काय करील? फडका सोडताना दुखते, दुर्गंधी येते, पाहणाऱ्यांत लाज वाटते. तरी ज्याला जगावयाचे आहे तो फडका सोडू देतो. आपला वैद्य तर आपली जखम आधीच जाणतो. आपण ती दाखवावी, एवढीच तो वाट पाहतो. आपण आपली पापे कबूल केली, तर तो क्षमा करण्यास व शुद्ध करण्यास विश्वसनीय आहे, असे योहानाने लिहून ठेविले आहे (१ योहान १:९).

तिसरे तास सर्वांत अवघड. ते ज्याच्या हाती नांगर आहे त्याच्याच अंतःकरणाचे. मी विशेषेकरून उपदेशक, बायबलबाया, संडे स्कूलचे शिक्षक व मंडळीचे पंच ह्यांस उद्देशून बोलतो. दुसऱ्याचे वावर वाहता वाहता आपले पडीत पडते. प्रार्थना करणे हा आपला नेहमीचा व्यवसाय होऊन बसतो. लोकांसमोर आपण करितो, एकांतात करीत नाही. शास्त्र उघडतो, ते उद्याच्या उपदेशाकरिता. स्वतःच्या भुकेकरिता नव्हे.

पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण येथे फार बोधप्रद आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढिले. शास्त्रांचे त्यांचे ज्ञान सर्वांस ठाऊक होते. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणास असे कळून आले की, आपणास ख्रिस्ती धर्म सापडला आहे, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडलेला नाही. हे वाचून मनुष्याने दचकावे असे आहे. जिने इतके सोडिले, इतके सोसले, इतके कार्य केले, तिने आपल्या अंतःकरणाचा शोध घेतला व तेथे पडीत जमीन पाहिली. आणि ती गोष्ट लपविली नाही. त्यांच्या पुढील सर्व सेवेचे बळ ह्या कबुलीत आहे.

आणि त्याचे फळ पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मरणाऱ्या मुली व विधवा आपल्या आश्रयास आणल्या. अशा दुष्काळपीडितांनी केडगावचे मुक्ति सदन भरले. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी तेथील मुलींस आत्मिक संजीवनाची गरज सांगितली, आणि त्यासाठी दररोज प्रार्थना करावयास कोण तयार आहे, असे विचारिले. सत्तर जणी पुढे आल्या. हळूहळू आणखी मिळत गेल्या, आणि जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली. त्या दिवसातून दोनदा प्रार्थनेस जमत. जूनच्या अखेरीस देवाच्या आत्म्याने तेथे मोठे कार्य केले. मुली रडत आपापली पापे कबूल करू लागल्या. कित्येकींस क्षमेची खात्री होऊन त्यांचा शोक आनंदात पालटला. आणि पुढे त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास जाऊ लागल्या.

जानेवारीपासून जूनपर्यंत! शेतकऱ्यास हा हिशेब समजावून सांगावयास नको. तूर-कापूस निघाल्यावर नांगरट करावी, उन्हाळाभर ढेकळे तापू द्यावी, आणि मृगाची वाट पाहावी. मुक्ति सदनातील त्या सत्तर मुलींनी जानेवारीत नांगर धरिला. पाऊस जूनमध्ये आला. मधल्या महिन्यांत काही दिसत नव्हते. आपण दोन दिवस प्रार्थना करितो आणि तिसऱ्या दिवशी आभाळाकडे पाहून निराश होतो.

तथापि, येथे एक सावधगिरी ठेविली पाहिजे. नांगरणारा पाऊस पाडीत नाही. आपण समेट केला, उसने परत दिले, व्यसन सोडिले, म्हणून आपले तारण झाले, असे कोणी समजू नये. तारण हे कृपेचे दान आहे. ते ख्रिस्ताच्या वधस्तंभावर विकत घेतले गेले, आपल्या घामाने नव्हे. होशेयही हेच सांगतो: नांगर तुम्ही धरा, नीतिमत्त्वाचा पाऊस परमेश्वर पाडील. मग नांगरावयाचे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. कठीण पडलेल्या वावरावर पाऊस पडला, तर तो वाहून नाल्यास जातो. नांगरलेल्या वावरात तो मुरतो. एकाच आभाळाचा पाऊस, एकाच दिवशी. एका वावराचे पीक होते व दुसऱ्याची माती धुपते. कित्येक वर्षे देवाची कृपा आपल्या मंडळ्यांवर पडत आहे. ती वाहून जात आहे काय, हे पाहावे.

कोणास वाटेल की, आता फार उशीर झाला, जमीन फार घट्ट झाली. त्याने अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आठवावा. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडावयास सांगतो. परंतु माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, आणि मी त्याच्याभोवती खणीन व खत घालीन असे म्हणतो. जे वर्ष आज सुरू झाले आहे ते असे मागून घेतलेले वर्ष आहे. आपल्यासाठी ते मागणारा, ज्याच्या हातांस खिळ्यांचे वण आहेत, तो आहे. झाडाने स्वतःस खणावयाचे नाही, माळी खणील. परंतु कुदळ मुळांपाशी आली म्हणजे झाडाने कुरकुर करू नये. गेल्या वर्षी कित्येकांच्या घरी दुःख आले, पीक बुडाले, कर्ज वाढले, आजार आला. ती सगळी शिक्षाच होती, असे मी म्हणत नाही. परंतु त्यांत माळ्याचा हात असेल, तर तो झाड तोडण्यास नव्हे, वाचविण्यास लागला आहे.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. ह्या आठवड्यात प्रत्येकाने एका रात्री, घरची माणसे निजल्यावर, अर्धा तास देवासमोर एकटे बसावे. ज्यास लिहिता येते त्याने कागद घ्यावा. ज्यास येत नाही त्याने मनात धरावे. ज्या मनुष्याचे नाव आठवताच छाती जड होते, त्याचे नाव प्रथम घ्यावे. ज्याचे देणे आहे त्याचे नाव घ्यावे. जी गोष्ट उजेडात यावी असे वाटत नाही, ती देवासमोर तिच्या खऱ्या नावाने बोलावी. मग दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, उठून जावे. सगळी नावे एका दिवसात पुरी होणार नाहीत. एकापासून आरंभ करावा. दुसऱ्याने ऐकले नाही, दार लावून घेतले, तरी आपले तास आपण घातले. पुढचे प्रभूकडे सोपवावे. आणि पुढच्या प्रभुभोजनास येताना आपल्या हातात हे अर्पण असावे.

मंडळीच्या पंचांस माझी विनंती आहे की, त्यांनी ह्या आठवड्यात मंडळीतील जुन्या तंट्यांपैकी एक तरी तंटा मिटवावा. पाळकांनी व उपदेशकांनी आधी आपल्या घरापासून आरंभ करावा. आणि उपवर मुलामुलींच्या आईबापांनी सोयरिकीच्या गोष्टीत पहिला प्रश्न बदलावा. एवढे एक जरी घडले, तरी शेजारचे लोक आपल्या मंडळीकडे नव्या नजरेने पाहतील.

आपण प्रार्थना करू.

हे प्रभु येशू, तू आम्हांस आणखी एक वर्ष मागून घेतलेस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानितो. आमचे अंतःकरण कठीण झाले आहे. आम्ही ते वरवर स्वच्छ ठेविले आणि मुळ्या खोल राहू दिल्या. आम्हांस नांगर धरण्याचे धैर्य दे. ज्या घरी जावयाचे आम्ही टाळीत आलो, त्या घराची वाट आम्हांस चालव. आम्ही जे उलटून उजेडात मांडू, त्यावर तुझ्या क्षमेचे ऊन पडू दे. आणि आपल्या समयी तुझ्या आत्म्याचा पाऊस आमच्या गावांवर, आमच्या घरांवर व आमच्या लेकरांवर पाड. तुझ्याच नावाने मागतो.

आमेन.